अनुताई वाघ : एका शिक्षिकेची घडण

खेड्यातील शाळेचे हजेरीपत्रक नीट वाचावयास घेतले, तर त्यात साऱ्या गावाचा संसार दिसतो. लावणीच्या दिवसांत कोणती मुले घरी राहतात, कोणती कुटुंबे मजुरीसाठी परगावी गेली, कोणाच्या घरी बाळंतपण झाले, हे सारे त्या रकान्यांवरून कळते. त्यातही काही मुलींच्या नावांपुढील खुणा विशेष बोलक्या असतात. पहिलीत नियमाने येणारी मुलगी तिसरीत आठवड्यातून तीनच दिवस येऊ लागते आणि पुढे तिचे येणे हळूहळू थांबते. चौकशी केली असता उत्तर ठरलेले असते : "धाकट्याला कोण सांभाळणार?" शिक्षक आपल्या वहीत 'घरकाम' असे कारण नोंदवितो आणि पुढच्या नावाकडे वळतो.

त्या एका शब्दाशी न थांबता त्याचा उलगडा करण्यात ज्यांनी आयुष्याची सत्तेचाळीस वर्षे वेचली, त्या शिक्षिका म्हणजे अनुताई वाघ. त्यांचे नाव बालवाडीच्या संदर्भात सर्वांना ठाऊक आहे. तथापि प्रस्तुत पाठात त्यांच्या कार्याकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहावयाचे आहे. एक सामान्य प्राथमिक शिक्षिका नेतृत्वापर्यंत कशी पोहोचली, तिला कोणाचा हात मिळाला आणि तोच हात तिने पाड्यावरील मुलींना कसा दिला, हा या अभ्यासाचा विषय आहे.

पहिली पायरी

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि सहा महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविणारा शारदा कायदा १९२९ मध्ये संमत झाला. म्हणजे ही गोष्ट त्याच्याही काही वर्षे आधीची. पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी १८९६ मध्ये आश्रम काढला होता आणि स्त्रीशिक्षणाची वाट काही अंशी मोकळी झाली होती हे खरे. परंतु सामान्य घरातील बालविधवेच्या वाट्याला बहुधा माजघर आणि स्वयंपाकघर एवढेच येत असे. स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे जे थोडे प्रतिष्ठित मार्ग तिला मोकळे होते, त्यांपैकी अध्यापन हा एक होता.

अनुताईंनी तो धरला. १९२९ मध्ये पुण्याच्या अध्यापन विद्यालयातून प्राथमिक शिक्षिकेची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्या नाशिक जिल्ह्यातील चांदवड भागात शिकवू लागल्या. तेथे चार वर्षे काढल्यावर १९३३ मध्ये त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत आल्या आणि सुमारे अकरा वर्षे तेथे राहिल्या. या काळात दिवसा मुलींना शिकवून त्या रात्रीच्या शाळेत स्वतः विद्यार्थिनी होत्या आणि अशा रीतीने त्यांनी मॅट्रिकची परीक्षा दिली. पुढे वयाच्या पन्नाशीनंतर त्यांनी पदवीही मिळविली.

या टप्प्यावर क्षणभर थांबणे इष्ट आहे. १९४५ साली अनुताई पस्तीस वर्षांच्या होत्या. शिक्षणाचा अनुभव सुमारे पंधरा वर्षांचा, त्यातला काही खेड्यातला व बराचसा शहरातला. हाती संस्था नाही, पद नाही, मागे धनिकाचे पाठबळ नाही. आज महाराष्ट्रातील खेड्यांतून काम करणाऱ्या असंख्य शिक्षिका नेमक्या याच ठिकाणी उभ्या आहेत. थोरांची चरित्रे वाचताना वाचकास पुष्कळदा असे वाटते की, ही माणसे आरंभापासूनच निराळी असावीत. अनुताईंचे चरित्र तसे सांगत नाही. त्यांच्यापाशी दोनच गोष्टी होत्या : वर्गातले काम मनापासून करण्याची सवय आणि शिकणे न सोडण्याचा निश्चय.

ताराबाईंची सोबत

त्याच वर्षी बोरिवली येथे ग्रामसेविकांचे शिबिर भरले होते. तेथे अनुताईंची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली. ताराबाई त्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठ्या. १८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या ताराबाई १९१४ मध्ये पदवीधर झाल्या होत्या. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाच्या त्या प्राचार्या होत्या. पुढे भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी बालशिक्षणाचे प्रयोग केले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला आणि १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला. शहरात त्यांचे नाव झाले होते. तरीही एक प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. माँटेसरी पद्धतीची सुंदर पण महाग साधने, नीटनेटका वर्ग आणि फी देणारे पालक, एवढ्यांतच बालशिक्षण राहणार असेल, तर खेड्यातील बालकांचे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी खेड्यात जाऊन राहणे भाग होते आणि त्यासाठी सोबत हवी होती. अनुताई ती सोबत द्यावयास तयार झाल्या. शहरातील स्थिर नोकरीचा विचार बाजूस सारून त्या ताराबाईंसह त्या वेळच्या ठाणे व आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. १९४५ च्या अखेरीस तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू झाले.

येथे ताराबाईंची दृष्टी ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्या योजनेत ठरवून दिलेली कामे करणारी मदतनीस, एवढेच स्थान त्यांनी अनुताईंना दिले नाही. ज्या प्रयोगाचे उत्तर त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हते, त्यात त्यांनी अनुताईंना भागीदार करून घेतले. मार्गदर्शन करणे म्हणजे आपल्यापाशी असलेले तयार ज्ञान दुसऱ्याच्या ओंजळीत ओतणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात माणूस घडतो तो खऱ्या कामाची जबाबदारी अंगावर पडल्यामुळे, आणि ती पेलेपर्यंत कोणी पाठीशी उभे राहिल्यामुळे.

शाळा मुलांकडे जाते

बोर्डीतील पहिला धडा असा मिळाला की, बालवाडी उघडली म्हणजे मुले आपोआप येतात असे नाही. ज्यांना तिची सर्वांत अधिक गरज, त्या दलित व कष्टकरी वस्त्यांतील मुले तर येतच नाहीत. आईबाप पहाटे मजुरीस गेलेले, अंगावर धड कपडा नाही, गावाच्या दुसऱ्या टोकाला जाण्याची भीती, आणि जातीभेदाचा अदृश्य उंबरठा निराळाच. तेव्हा कार्यकर्त्यांनी वस्तीत जावे, मुलांना गोळा करावे, त्यांचे हातपाय धुवावेत, केस विंचरावेत, नखे कापावीत आणि मग गाणी-गोष्टींना आरंभ करावा, असा क्रम पडला. स्वच्छता हा तेथे शिक्षणाचाच पहिला पाठ ठरला.

यातून बालवाडीची दोन रूपे सिद्ध झाली. एक केंद्रवर्ती बालवाडी : एका जागी नीट मांडलेली. दुसरी अंगण बालवाडी : वस्तीतल्याच एखाद्या घरासमोर, सारवलेल्या अंगणात भरणारी. साधनेही तेथलीच. गोटे, शिंपले, मोठ्या बिया, पाने, फुले, माती आणि बांबू यांच्या साहाय्याने मोजणे, निवडणे, लहानमोठे ओळखणे, आकार व रंग जाणणे हे सारे शिकविता येते, हे या दोघींनी प्रत्यक्ष दाखवून दिले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला. त्या शब्दामागील कल्पनेचा धागा बोर्डीच्या अंगणाशी जोडला जातो.

धाकट्या भावंडाचा प्रश्न

पहिल्या दहाबारा वर्षांच्या अनुभवानंतर हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. हा वारली आदिवासींचा प्रदेश. १९४५ मध्येच येथील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध मोठा लढा दिला होता. वेठ संपली तरी दारिद्र्य संपले नव्हते. शेतीची मजुरी, पावसाळ्यानंतरची गवतकापणी आणि उरलेल्या दिवसांत मिळेल ते काम, असा कुटुंबांचा क्रम होता. अशा घरांत लहान मूलही कामाचे असते. मुलगा गुरे राखतो. मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर राखते.

अशा मुलांसाठी नेहमीच्या वेळेची, नेहमीच्या जागेची शाळा निरुपयोगी होती. तेव्हा कोसबाडला निराळा विचार झाला. गुराख्यांना कुरण सोडून येता येत नाही, तर शाळेनेच कुरणावर जावे, या विचारातून 'कुरणशाळा' निघाली. गुरे चरत असताना झाडाखाली मुलांनी जमावे आणि भोवतालच्याच वस्तूंवरून शिकावे, अशी ती योजना. दिवसभर काम करणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग निघाले. आणि मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक वर्ग एकाच आवारात आणणारी 'विकासवाडी' आकारास आली.

विकासवाडीची रचना प्रत्येक शिक्षकाने समजून घ्यावी अशी आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला शाळेत आणावयाचे, तर तिच्या कडेवरच्या भावाची सोय आधी व्हावयास हवी. तान्हे मूल पाळणाघरात, तीन-चार वर्षांचे बालवाडीत आणि मोठी बहीण प्राथमिक वर्गात, अशी मांडणी झाली म्हणजे आईची काळजी मिटते आणि मुलीचे हात मोकळे होतात. भावंडाला भूक लागली वा ते रडू लागले, तर बहीण जवळच असते. हे होण्यापूर्वी पालकांना कितीही उपदेश केला, तरी तो वाऱ्यावर जातो. कारण मुलीला शाळेत न पाठविणारी आई शिक्षणाची वैरीण नसते, तिच्यापुढे दुसरा मार्गच नसतो.

मदतनीस मुलगी शिक्षिका होते

अंगण बालवाडी चालवावयाची, तर पाड्यावरचेच कोणीतरी माणूस हवे. बाहेरून आलेली शिक्षिका कितीही प्रेमळ असली, तरी तिची प्रमाण मराठी तीन वर्षांच्या वारली मुलाला परकी वाटते. उलट पाड्यावरील मुलीला बोली अवगत असते, प्रत्येक मुलाचे घर माहीत असते, कोणाची आई कोणत्या शेतावर गेली हे ठाऊक असते. तिला अक्षरांची व पद्धतीची ओळख मात्र अपुरी असते. म्हणून शिक्षिकेने मुलीला पद्धत शिकवावी आणि मुलीने शिक्षिकेला पाडा शिकवावा, अशी देवघेव या कामात अभिप्रेत होती.

अशी घडण एका दिवसात होत नाही. प्रथम मुलांना घरोघरून आणणे, मग त्यांची स्वच्छता करणे, पुढे गाण्यात सूर धरणे, नंतर स्वतः गाणे सांगणे, गोष्ट सांगणे आणि शेवटी शिक्षिका समोर नसताना अर्धा तास गट सांभाळणे, अशा पायऱ्यांनी ती व्हावी लागते. त्यास रीतसर जोड म्हणून बालसेविकांच्या प्रशिक्षणाचे कामही केंद्राने अंगावर घेतले आणि ग्रामीण भागातील मुलींना व स्त्रियांना बालवाडी चालविण्याचे शिक्षण दिले. ज्या मुलीला घरी भावंड सांभाळावे लागते म्हणून शाळा सोडावी लागत होती, तिच्याच त्या अनुभवाला ज्ञानाची जोड देऊन तिला शिक्षिका करावयाचे, हे या कार्याचे मर्म होय.

येथे एका भेदाकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. आपल्या शाळांतही मुलींना कामे दिली जातात. परंतु कोणती? वर्ग झाडणे, पाण्याची घागर भरणे, पाहुण्यांसाठी चहा आणणे, स्वागताच्या वेळी ओवाळणे. घंटा मात्र मुलगा वाजवितो, कवायतीची आज्ञा मुलगा देतो आणि गटप्रमुखही बहुधा तोच असतो. ज्या कामातून मुलगी काही नवे शिकत नाही आणि ज्यात तिला निर्णय घ्यावा लागत नाही, ते काम म्हणजे घरच्याच राबण्याचा शाळेतील विस्तार. त्याला जबाबदारी हे नाव देणे योग्य नव्हे.

दुसऱ्या स्थानावरून नेतृत्वाकडे

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण हा सन्मान लाभला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी अनुताई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. जवळजवळ अठ्ठावीस वर्षे त्या ताराबाईंच्या सोबतीण म्हणून, जनांच्या दृष्टीने दुसऱ्या स्थानावर राहून काम करीत आल्या होत्या. संस्थेचा भार आता त्यांच्याकडे आला. सामान्यतः ज्या वयात माणसे निवृत्त होतात, त्या वयात त्यांच्या नेतृत्वाचा काळ सुरू झाला आणि तो पुढे एकोणीस वर्षे चालला. १९८२ मध्ये ग्राममंगल या संस्थेच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री आणि १९८५ मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचे आत्मकथन प्रत्येक शाळेच्या ग्रंथसंग्रहात असावे. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

हे नेतृत्व १९७३ मध्ये अकस्मात उगवले नाही. नखे कापताना, पाड्यावर मुले गोळा करताना, कुरणावर वर्ग घेताना ते हळूहळू घडत होते. म्हणून संस्थेचा भार अंगावर आला तेव्हा काम थांबले नाही. एखाद्या शाळेत एका उत्साही शिक्षकाची बदली झाली की सारे उपक्रम बंद पडतात, असा अनुभव सर्वत्र येतो. याचे कारण त्या शिक्षकाने काम पुष्कळ केलेले असते, परंतु काम करणारी दुसरी माणसे तयार केलेली नसतात. ताराबाईंनी अनुताईंना तयार केले. अनुताईंनी सेविकांना तयार केले. कोसबाडचे यश मोजावयाचे, तर ते या साखळीने मोजावे.

आपल्या शाळेत काय करता येईल

प्रत्येक गावी विकासवाडी उभारणे शक्य नाही. तथापि पुढील गोष्टी एकशिक्षकी वा द्विशिक्षकी शाळेतही विनाखर्च करता येतील.

१. गैरहजेरीचे कारण म्हणून 'घरकाम' हा शब्द लिहू नये. चार आठवडे नेमके कारण लिहावे : भावंड, आजारी माणूस, पाणी, गुरे, मजुरी. महिनाअखेर ही नोंद पाहिली असता कोणत्या मुलीची कोणती अडचण सोडविता येण्याजोगी आहे ते दिसून येते.

२. गावातील अंगणवाडी सेविकेशी बोलून दोन्हींच्या वेळा जुळतात की नाही ते पाहावे. अंगणवाडी आधी सुटते आणि शाळा नंतर, एवढ्याच कारणाने मोठ्या बहिणीची अर्धी शाळा बुडते. ज्या दिवशी अन्य उपाय नसेल, त्या दिवशी भावंडासह आलेल्या मुलीला परत पाठवू नये. वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाट अंथरून त्या बालकास लाकडी ठोकळे वा नारळाच्या करवंट्या द्याव्यात. तोंडात वा नाकात जातील अशा बारीक बिया व खडे मात्र देऊ नयेत.

३. झाडणे व पाणी भरणे ही कामे मुलगे व मुली यांच्यात पाळीपाळीने वाटावीत. घंटा, परिपाठ, ग्रंथसंग्रहाची नोंद, गटप्रमुखपद व कवायतीची आज्ञा ही कामेही त्याच न्यायाने मुलींकडे यावीत.

४. वरच्या वर्गातील एका मुलीस पहिलीच्या मुलांना गोष्ट सांगावयास शिकवावे. पहिल्या दिवशी तिने शिक्षकाची गोष्ट ऐकावी. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट तिने एकट्या शिक्षकास सांगावी. तिसऱ्या दिवशी चार मुलांना आणि आठवड्याने साऱ्या वर्गास सांगावी. सांगून झाल्यावर "छान" एवढेच म्हणून न थांबता, मुले कोठे हसली, कोठे चुळबुळली आणि तसे का झाले, हे तिलाच विचारावे. जी मुलगी या प्रश्नाचे उत्तर शोधू लागते, तिच्यात शिक्षिकेचा जन्म झालेला असतो. तिच्या स्वतःच्या अभ्यासाचा वेळ मात्र यात खर्ची पडू देऊ नये.

५. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलींना संरक्षण देतो. परंतु गावातील शाळेचा शेवटचा वर्ग संपला की खरी कसोटी लागते. त्या उन्हाळ्यात शिक्षकाने मुलीच्या घरी, आईवडील मजुरीहून परतल्यावर, सायंकाळी जावे. पुढील शाळा किती दूर, सोबत कोणाची, वाहन कोणते, खर्च किती, याची माहिती आधी काढून न्यावी. आईबापांना उपदेशापेक्षा अशी माहिती अधिक पटते. शक्य असेल तर प्रवेशाच्या दिवशी त्यांच्याबरोबर जावे.

६. शिक्षकाने स्वतःचे शिकणे चालू ठेवावे आणि ते मुलींना दिसू द्यावे. आपल्या बाई अजूनही परीक्षा देतात, पुस्तक वाचतात, चुकले तर पुन्हा करून पाहतात, हे पाहिलेली मुलगी स्वतःचे शिक्षण संपले असे सहसा मानीत नाही.

केंद्रसभेत चर्चेसाठी प्रश्न

(अ) गेल्या तीन वर्षांत आपल्या शाळेतून किती मुली मध्येच गळाल्या? त्यांपैकी किती जणींच्या घरी शिक्षक प्रत्यक्ष जाऊन आले?

(आ) आपल्या गावी 'शाळेनेच मुलांकडे जावे' असे कोणत्या वस्तीबाबत म्हणता येईल?

(इ) शाळेतील कामांची वाटणी लिहून काढावी. मुलींकडील कामांपैकी कोणत्या कामात त्यांना निर्णय घ्यावा लागतो?

(ई) आपली उद्या बदली झाली, तर आपला कोणता उपक्रम चालू राहील व तो कोण चालवील?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने प्रथम स्वतःशीच द्यावे. १९४५ मध्ये एका अनुभवी शिक्षिकेने पस्तीस वर्षांच्या दुसऱ्या शिक्षिकेवर विश्वास टाकला आणि त्यातून पुढची सत्तेचाळीस वर्षे उभी राहिली. तसा विश्वास टाकावयास टेकडीची किंवा संस्थेची आवश्यकता नाही. उद्या हजेरी घेताना ज्या नावापुढे पुन्हा गैरहजेरीची खूण करावी लागेल, त्या मुलीच्या घरापासून आरंभ करता येईल.